नऊ वर्षांची मुलगी आणि उझी: व्हाइट हिल्सच्या रेंजवरचं प्रकरण

लास वेगासहून साधारण तासाभराच्या अंतरावर, ॲरिझोना राज्यातल्या मोहावी काउंटीत व्हाइट हिल्स नावाचं ओसाड ठिकाण आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी तिथल्या उघड्या शूटिंग रेंजवर न्यू जर्सीहून सुट्टीला आलेलं एक कुटुंब गेलं होतं. त्यांच्या ९ वर्षांच्या मुलीच्या हातात ९ एमएम उझी सबमशीनगन होती. प्रशिक्षकाने तिला उभं कसं राहायचं ते दाखवलं, एक गोळी झाडायला लावली. ती नीट गेली. मग त्याने बंदूक ऑटोमॅटिकवर टाकली, म्हणजे चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात. चाप दाबताच नळी वर आणि डावीकडे उसळली, आणि शेजारी उभ्या असलेल्या त्या प्रशिक्षकाच्या डोक्यात गोळी लागली. हेलिकॉप्टरने त्याला लास वेगासच्या रुग्णालयात नेलं, पण तो वाचला नाही. वय ३९, माजी सैनिक, मुलाबाळांचा बाप.

मुलीने बंदूक टाकली आणि खांदा धरला. ही बंदूक मला झेपणारी नव्हती, असं ती आईला म्हणाल्याची नोंद पोलिसांच्या अहवालात आहे. घरच्यांना वाटलं तिलाच काहीतरी लागलं, म्हणून सगळे तिच्याकडे धावले. प्रशिक्षक कोसळला आहे हे रेंजवरचा दुसरा माणूस धावत आला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. पालक मोबाइलवर चित्रण करत होते. त्यातला शेवटचा क्षण वगळून ती फीत शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयाने जाहीर केली आणि ती जगभर पाहिली गेली.

मी मुलांना दहा मीटर एअर रायफल शिकवते, म्हणजे दहा मीटरवरच्या लक्ष्यावर हवेच्या दाबाने छर्रा झाडायला. नवीन पालक आले की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "मॅडम, कितव्या वर्षापासून सुरू करायचं?" त्यांना मी हे प्रकरण सविस्तर सांगते. मुलांना शस्त्राचा आदर लहानपणापासून शिकवावा, या मताची मी आहे. पण तो आदर नेमका कशात असतो आणि तो शिकवण्याची जबाबदारी कुणाची, हे व्हाइट हिल्सइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

काय काय बरोबर होतं

त्या दिवशी बेफिकिरी कुणाचीच नव्हती, हे आधी मान्य करायला हवं. मुलीच्या कानांवर संरक्षक होते. आधी वडिलांनी गोळ्या झाडल्या होत्या, म्हणजे बंदूक कशी वागते हे घरातल्या एका मोठ्या माणसाने अनुभवलं होतं. रेंजचा नियम ८ वर्षं पूर्ण आणि पालक सोबत असा होता, तो पाळला गेला होता. प्रशिक्षक शस्त्र ओळखणारा होता. फितीत तो तिचे पाय नीट करतो, हात नीट करतो, एका गोळीनंतर शाबासकी देतो. मुलगीही शहाण्यासारखी वागते. ती इकडेतिकडे वळत नाही, नळी लक्ष्याकडेच ठेवते, सांगितल्याशिवाय चाप दाबत नाही. सुरक्षेचे जे चार नियम जगभर शिकवतात (प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, जे नष्ट करायचं नाही त्यावर नळी नेऊ नका, नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा, लक्ष्य आणि त्यामागचं काय आहे ते ओळखा) त्यातला एकही तिने स्वतःहून मोडला नाही.

तरीही माणूस गेला. म्हणून "मुलांना नियम शिकवले की झालं" हे मला पटत नाही. सगळे नियम पाळणाऱ्या मुलीच्या हातात तिला न पेलणारं यंत्र देण्याचा निर्णय मोठ्यांनी घेतला होता. चूक तिथे होती, आणि ती चाप दाबण्याच्या कितीतरी आधी होऊन गेली होती.

यंत्र काय करतं

उझी ही १९५० च्या दशकात इस्रायली सैन्यात आलेली बंदूक. उझिएल गाल या अधिकाऱ्याने ती बनवली. रिकामी असताना वजन साधारण साडेतीन किलो. मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या, म्हणजे सेकंदाला १०. हा आकडा नीट मनात घ्या. धक्का बसल्याचं कळून बोट चापावरून सोडायला तयार मोठ्या माणसालाही पाव सेकंद लागतो. तेवढ्यात दोन-तीन गोळ्या सुटलेल्या असतात. घाबरलेल्या मुलाला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि घाबरल्यावर हात सैल पडत नाही, मूठ आवळली जाते. आवळलेल्या मुठीत चाप दाबलेलाच राहतो. उझीच्या मुठीमागे एक सुरक्षा-पट्टी असते. मूठ सुटली की बंदूक थांबावी यासाठी ती दिलेली आहे. पण मूठ आवळली की तीही दाबलेलीच राहते. बंदूक थांबवण्याची सगळी व्यवस्था हात सुटण्यावर बेतलेली, आणि घाबरलेलं मूल नेमकं उलट करतं.

आता नळी वर का गेली ते पाहू. गोळीचा धक्का नळीच्या रेषेत मागे येतो, पण बंदुकीला आधार असतो त्या रेषेच्या खाली, हाताचा आणि खांद्याचा. त्यामुळे प्रत्येक गोळीला बंदूक तोंडाकडून थोडी वर उचलली जाते. एकेक गोळी झाडताना नेमबाज दोन गोळ्यांच्या मध्ये ती खाली आणतो. ऑटोमॅटिकवर तो मधला वेळच मिळत नाही. पहिला धक्का जिरायच्या आत दुसरा, त्यावर तिसरा. मोठा माणूस अंग पुढे झोकून, स्वतःच्या वजनाने हे दाबून धरतो. ९ वर्षांच्या मुलीचं वजनच मुळात किती असणार! एक गोळी तिने नीट झाडली, त्यावरून दहा गोळ्यांचा अंदाज बांधता येतच नाही. त्या दोन वेगळ्या परीक्षा आहेत आणि पहिलीत पास झालेलं मूल दुसरीत पास होईल असं मानायला काहीच आधार नव्हता.

आणि प्रशिक्षक उभा होता डावीकडे. नळी उसळली तीही वर आणि डावीकडे, म्हणजे त्याच्याच बाजूला. शिकवणाऱ्याची जागा शिकणाऱ्याच्या मागे, उजव्या खांद्याला लागून असावी, म्हणजे नळी कुठेही गेली तरी त्याचा हात तिच्यापर्यंत पोहोचतो आणि नळी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्या भरायच्या पेटीत, एकच गोळी ठेवली असती तरी हा माणूस आज असता. नवख्याच्या हातात ताकदीची बंदूक देताना एकच गोळी भरायची, ही जुनी पद्धत आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही.

हे आधी घडलं होतं

मला सर्वांत जास्त त्रास याचा होतो. २६ ऑक्टोबर २००८ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफील्ड इथे मशीनगनच्या एका मेळाव्यात ८ वर्षांच्या मुलाच्या हातात मायक्रो उझी दिली होती. नळी उसळून मागे वळली आणि गोळी त्याच्याच डोक्यात गेली. वडील चित्रण करत होते. ते डॉक्टर होते. पुढे न्यायालयात त्यांनी सांगितलं की आकाराने लहान बंदूक मुलाला सोपी जाईल असं त्यांना वाटलं होतं.

कुणालाही असंच वाटेल. सायकल लहान मुलाला लहान देतो, बॅट लहान देतो. पण शस्त्राचा हिशेब उलटा आहे. मायक्रो उझी आखूड आणि हलकी, म्हणून तिचे भाग जास्त वेगाने मागेपुढे होतात. ती मिनिटाला १२०० हून जास्त गोळ्या झाडते, मोठ्या उझीच्या दुप्पट. वजन कमी म्हणून धक्का जिरवायला लोखंडही कमी. नळी आखूड, म्हणजे थोडी वळली तरी धरणाऱ्याकडेच रोखली जाते. "लहान मुलाला लहान बंदूक" हा शहाणपणा तिथे जीवघेणा ठरला. मेळाव्याच्या आयोजकावर मनुष्यवधाचा खटला चालला आणि जानेवारी २०११ मध्ये तो निर्दोष सुटला. त्या वेळी मुलाजवळ देखरेखीला जो उभा होता, तो स्वतः १५ वर्षांचा होता.

सहा वर्षांनी व्हाइट हिल्स. त्याच जातकुळीची बंदूक, जवळपास तेच वय, आणि कॅमेरा हातात घेतलेले तसेच कौतुकाने पाहणारे आईवडील.

अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानंतर नवी मशीनगन सामान्य नागरिकाला स्वतःसाठी विकत घेता येत नाही. म्हणूनच रेंजवर पैसे देऊन ती चालवून बघण्याचं आकर्षण मोठं आहे, आणि लास वेगासच्या आसपास तो पर्यटनाचाच एक भाग झाला आहे. फिरायला गेलेलं कुटुंब जे शोधतं ते म्हणजे थरार. रेंजला तासाभरात गिऱ्हाईक खूश करून पाठवायचं असतं. या दोन्हींच्या मध्ये शिकवणं कुठे बसवणार? शिकवायला वेळ लागतो, पुनरावृत्ती लागते, कंटाळा लागतो. पर्यटनात कंटाळ्याला जागा नसते.

आपल्याकडे मूल कसं शिकतं

आपल्या कायद्यात हा प्रश्न बराचसा आधीच मिटवलेला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. प्रशिक्षणापुरती, देखरेखीखालची सवलत त्याआधी आहे, पण ऑटोमॅटिक शस्त्र नागरिकाच्या हातात येण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे महाराष्ट्रातली मुलं सुरुवात करतात ती एअर रायफलने. कोल्हापूरने या खेळात तेजस्विनी सावंत दिली, राही सरनोबत दिली, आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन रायफलमध्ये ऑलिंपिक कांस्यपदक घेतलं. ते पदक टीव्हीवर पाहून किती पालकांनी मुलांना रेंजवर आणलं, ते मी पाहिलं आहे.

ही मुलं आली की त्यांना पहिले कितीतरी दिवस छर्रा मिळत नाही. आधी पाय कसे टाकायचे, श्वास कुठे अडवायचा. मग रिकामी रायफल धरून होल्डिंग, मिनिट, दोन मिनिटं, हात थरथरेपर्यंत. मग ड्राय फायरिंग, म्हणजे छर्र्याविना चाप ओढणं, नेम किंचितही हलू न देता. मुलं वैतागतात. "मॅडम, खरं कधी?" हे मी रोज ऐकते. त्यांना नळीत घालायला एक नारिंगी दोरी देते, सेफ्टी फ्लॅग. ती नळीच्या एका टोकातून आत जाऊन दुसऱ्या टोकाने बाहेर दिसली पाहिजे, म्हणजे आत काही नाही हे लेनच्या टोकाला उभ्या माणसालाही दुरून दिसतं. लोडचा हुकूम येईपर्यंत ती काढायची नाही. स्टॉप म्हटलं की बोट बाहेर, मग चेंबर (छर्रा बसतो ती जागा) उघडा, मग दोरी आत, मग रायफल खाली. हा क्रम मुलाच्या अंगात इतका मुरतो की ते घरी झाडूची काठी धरतानासुद्धा बोट बाजूला ठेवतं, असं एका आईने मला सांगितलं.

मागे एका मुलाला पहिल्यांदाच मधोमध दहा मिळाले. आनंदाने तो रायफलसकट माझ्याकडे वळला. छर्रा झाडून झाला होता, रायफल रिकामीच होती. मी ती हातातून काढून घेतली आणि त्याला उरलेला वेळ मागच्या बाकावर बसवलं. ओरडले नाही. तो रडला, वडील बाहेर थांबले होते, त्यांना वाईट वाटलं. "मॅडम, रिकामी होती ना?" होती. पण आज रिकामी होती म्हणून सोडून दिलं, तर रिकामी आणि भरलेली यातला फरक त्याने प्रत्येक वेळी स्वतः ठरवावा असं मी त्याला शिकवल्यासारखं होईल. पुढच्या सत्राला तो आला आणि त्याने सर्वांत आधी दोरी घातली.

दहा मीटरच्या छर्र्याचं वजन साधारण अर्धा ग्रॅम, ऊर्जा आठेक ज्यूल. ९ एमएम गोळीची ऊर्जा ५०० ज्यूलच्या आसपास. म्हणजे व्हाइट हिल्समधल्या त्या मुलीला एकेका गोळीला आमच्या मुलांच्या साठपट ताकद हाताळायची होती, तीही सेकंदाला दहा वेळा, आणि ड्राय फायरिंगचा एकही दिवस न काढता.

घरातलं शस्त्र ही वेगळी गोष्ट

रेंजवर शिकलेली शिस्त मूल घरी एकटं असताना टिकेल का? या प्रश्नाचं उत्तर पालकांना ऐकायचं नसतं, पण ते माहीत आहे. २००१ साली पीडिॲट्रिक्स या वैद्यकीय नियतकालिकात अटलांटामधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ८ ते १२ वयाचे ६४ मुलगे छोट्या गटांत एका खोलीत सोडले. तिथल्या खणात खरं, पण निकामी केलेलं पिस्तूल ठेवलं होतं. ४८ मुलग्यांना ते सापडलं. त्यातल्या ३० जणांनी ते हाताळलं, १६ जणांनी चाप ओढला. सापडलेल्यांपैकी निम्म्यांना ते खेळण्यातलं वाटलं किंवा खात्री नव्हती. आणि ज्यांनी हात लावला त्यांच्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त मुलांना बंदुकीच्या सुरक्षेबद्दल आधी काही ना काही शिकवलेलं होतं.

शिकवणं वाया जातं असा याचा अर्थ मी घेत नाही. २०२३ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगात एक मिनिटाची सुरक्षेची फीत पाहिलेल्या मुलांपैकी जास्त जणांनी बंदूक सापडल्याचं मोठ्यांना सांगितलं, आणि चाप ओढणारे बरेच कमी निघाले. कमी निघाले, पण शून्य नव्हते. उरलेल्या मुलांसाठी कुलूप लागतं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना हेच सांगते: घरात बंदूक असलीच तर रिकामी, कुलपात, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. २०२० मध्ये तिथे १ ते १९ वयोगटातल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक होतं. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना माझं आग्रहाचं सांगणं आहे, मूल रात्री मित्राकडे राहायला जाणार असेल तर त्या घरी विचारा, बंदूक आहे का आणि ती कुलपात आहे का. संकोच वाटेल, तरी विचारा.

आपल्याकडे खंडेनवमीला आणि दसऱ्याला शस्त्रपूजा होते. पोलिसाच्या घरी, शेतावर परवान्याची बंदूक असलेल्या घरी, पाटावर बंदूक मांडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची फुलं ठेवतात, आणि मुलं चहूबाजूंनी गोळा होतात. मला ही पद्धत प्रिय आहे. पण नमस्कार करायला लावलेल्या किती मुलांना त्या पाटाशेजारी बसून कुणी चेंबर उघडून दाखवतं? पूजा मांडण्याआधी सगळ्यांसमोर बंदूक उघडा, आत बोट घालून रिकामी असल्याचं पाहा, मुलालाही पाहू द्या, नळी भिंतीकडे वळवा, आणि फुलं मग वाहा. दिवाळीत टिकल्यांची बंदूक आणली की ती भावाच्या कपाळाला लावून उडवणाऱ्या मुलाला तिथेच थांबवा. तीन-चार वर्षांच्या मुलाला यापेक्षा जास्त शिकवायची गरज नाही आणि यापेक्षा कमी शिकवून चालणार नाही.

नंतर

मोहावी काउंटीत कुणावरही गुन्हा दाखल झाला नाही. शेरीफच्या कार्यालयाने ही कामावरची दुर्घटना मानली. प्रशिक्षकाच्या मुलांनी काही आठवड्यांनी त्या मुलीसाठी एक चित्रित संदेश दिला. तिचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. आम्ही तुला दोष देत नाही, तू स्वतःला दोष देऊ नकोस, असं त्यांनी सांगितलं. बाप गमावलेल्या मुलांनी जबाबदारी कुठली कुणाची हे इतकं स्वच्छ ओळखलं होतं.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचे वडील सुट्टीत सगळ्यांना घेऊन लास वेगासला जाणार आहेत. मुलगी ११ वर्षांची आहे, एअर रायफल उत्तम चालवते, आणि "तिला तिथे खरी बंदूक चालवायची आहे, नेऊ का?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जरूर न्या. .२२ ची रायफल मागा, तिची गोळी साधारण अडीच ग्रॅमची असते आणि धक्का नावालाच असतो. एका वेळी एकच गोळी भरायला सांगा. प्रशिक्षक तिच्या मागे, उजव्या खांद्याला उभा राहील हे आधी बोलून घ्या. तो तयार नसेल तर पैसे सोडून द्या आणि बाहेर पडा. चित्रण करू नका, दोन्ही हात मोकळे ठेवा, तिच्याकडे बघा. आणि कुणी "फुल ऑटो ट्राय करू या का?" असं विचारलं, तर उत्तर तुम्ही द्यायचं. तिच्याकडे वळून तिला विचारायचंसुद्धा नाही.